दोन्ही याद्यांत नसलेलं घर

शाले,

काल बोरीला तुझं पुण्यानुमोदन झालं. विहारात बसायला जागा पुरली नाही म्हणून तुझ्या अण्णांनी बाहेर मांडव घातला होता. वंदना झाली, मग एकेक जण बोलायला उठला. तुझे शाळेतले गुरुजी, सरपंच, आपल्या ऑफिसचे जाधव साहेब. सगळ्यांनी तुला धाडसी म्हटलं. मला माईक देत होते, मी घेतला नाही. मला जे सांगायचं होतं ते तिथं शोभलं नसतं. तू धाडसी नव्हतीस गं. तू लय भित्री होतीस.

परभणीच्या खोलीत आपण राहायचो तेव्हा दाराला कुलूप लावल्यावर तू जिना उतरायचीस आणि परत वर जायचीस, गॅस बंद केला का बघायला. एसटीत चालकाच्या मागच्याच बाकावर बसायचीस, म्हणजे तो पेंगतोय का ते दिसावं. आणि पाण्याचं तर विचारूच नये. चारठाण्याला देवळं बघायला गेलो होतो, तिथल्या बारवेत मी खाली पाण्यापर्यंत उतरले आणि तू वरच्या पायरीवर चपला सांभाळत बसलीस. मी खालून हाका मारत होते. तू म्हणालीस, "तूच बघून ये सुरे, आन मला सांग." नंतर चहा पिताना मी तुला हसले होते.

तुझ्या भित्रेपणाचा दुसरा प्रकार मला कॉलेजात कळला. डेटाबेस शिकवणाऱ्या सरांनी प्रात्यक्षिकाला आपल्याच वर्गाच्या दोन याद्या दिल्या होत्या. एका टेबलात मुलामुलींची नावं, दुसऱ्यात परीक्षेचे गुण. दोन्ही जोडून निकाल काढा म्हणाले. सगळ्यांनी साधा इनर जॉइन लिहिला, निकाल आला, सगळे उठायला लागले. तू बसून राहिलीस. निकालात मुक्ताचं नाव नव्हतं. मुक्ता तुझ्या शेजारच्या बाकावर बसायची आणि परीक्षेच्या आधी आईबापासोबत ऊसतोडीला गेली होती. सरांनी चांगलं समजावून सांगितलं. इनर जॉइन दोन्हीकडं जुळतं तेवढंच ठेवतो. मुक्ताला गुण नाहीत, म्हणून ती आली नाही. तिला ठेवायचं असेल तर लेफ्ट जॉइन लिहायचा. तो डावीकडच्या टेबलातलं प्रत्येक नाव ठेवतो आणि उजवीकडं काही सापडलं नाही तर तिथला रकाना कोरा सोडतो.

तू विचारलंस, "पण सर, इनरमधी तिचं नाव जातं कुठं?"

"कुठं जात नाही," सर म्हणाले. "फक्त दिसत नाही."

त्यांनी सहज म्हटलं होतं. पण मेसला जाताना तू तेच वाक्य बोललीस, आणि जेवतानाही. मला त्यात भिण्यासारखं काय ते कळलं नाही. मुक्ता पुढं परत आलीच नाही. ती कुठं आहे, हे मला आजही माहीत नाही. तुला माहीत होतं का, ते विचारायचं राहून गेलं.

नोकरी तूच मला लावून दिलीस. त्याबद्दल तुझे आभार मानायचेही राहिले. मी मानवतला घरी बसले होते, वडील जिनिंगमध्ये कारकून, स्थळं बघणं चालू होतं. तू फोन करून म्हणालीस की कंपनी लहान आहे, पगार बेताचा आहे, पण काम चांगलं आहे, ये. दुधनाकाठच्या गावांना पुराचा इशारा मोबाइलवर पाठवायचं ते काम. वरच्या धरणातून पाणी सोडायचं ठरलं की निरोप आपल्याकडं यायचा आणि आपली क्वेरी, सरांच्या भाषेत डेटाबेसला विचारलेला प्रश्न, दोन टेबलं जोडायची. एकात काठावरची कुटुंबं, दुसऱ्यात मोबाइल नंबर. आपल्या आधी जो मुलगा ते काम करायचा त्याने इनर जॉइन लिहून ठेवला होता आणि तो पुण्याला निघून गेला होता. उन्हाळ्यात चाचणी घेतली. पडद्यावर सगळ्या ओळी हिरव्या. सगळ्यांना निरोप पोचला. जाधव साहेबांनी पेढे आणले.

तू पेढा हातात धरून त्या क्वेरीत एकच शब्द बदललास. इनरच्या जागी लेफ्ट. निकाल खाली खाली सरकत गेला आणि नंबरच्या रकान्यात कोऱ्या जागा दिसायला लागल्या. म्हाताऱ्या एकट्या बायकांची घरं, फोन हरवलेली घरं, नंबर बदललेली घरं. हिरव्या पडद्यात ती घरं नव्हतीच, त्यामुळं कुणाला निरोप पोचला नाही असंही तो पडदा म्हणत नव्हता.

तिथून आपलं भांडण सुरू झालं आणि ते मिटलंच नाही. गच्चीच्या कठड्यावर डबे ठेवून आपण भांडायचो. माझं म्हणणं, इनर चुकीचा नाही. निरोप कोणाला पाठवायचा, हा प्रश्न असेल तर इनरच बरोबर. कोऱ्या नंबरावर काय पाठवणार? आणि लेफ्ट लावला तरी ज्या घरात दोन फोन आहेत ते घर दोनदा येतं, मोजदाद फुगते. प्रश्न काय आहे त्यावर जॉइन ठरतो. तू ते कबूल करायचीस. मग दोन क्वेरी केल्या आपण. एक निरोप पाठवायची आणि एक कोण राहिलं ते दाखवणारी. दुसरीत जी घरं येतील तिथं कोतवालानं पायी जाऊन सांगायचं, हे तू साहेबांच्या मागं लागून ठरवून घेतलंस. मला वाटलं, झालं. तू घास तसाच धरून म्हणालीस, "पण सुरे, प्रश्न कोन ठरवतं?"

मी म्हटलं, जेव आता.

मग एक दिवस तू फुल जॉइन लावलास. गरज नव्हती, तुझ्या मनाच्या समाधानासाठी. तो दोन्हीकडचं सगळं आणतो, जुळो न जुळो. वरती नंबर नसलेली घरं आली, ती आपल्याला माहीतच होती. पण खाली उलट्या ओळी आल्या. नंबर आहे, नाव आहे, आणि घराचा रकाना कोरा. कुठल्याशा आरोग्य शिबिरात नोंदवलेले फोन. त्यातल्या पहिल्याला तू तिथंच फोन लावलास. पारूबाई बोलली. कुठं राहता विचारलं तर म्हणाली, "आमी गावात न्हाई बाई. खाली, वाकनात हाव."

त्या रविवारी तुझ्या स्कूटीवर आपण तिथं गेलो. नदी जिथं वळसा घेते त्या गायरानावर कुडाची घरं. ऊसतोडीहून परतलेली माणसं, गावात जागा नाही म्हणून तिथं राहिलेली. गावात आणि वस्तीत एक ओढा, तेव्हा कोरडाठाक. पारूबाईनं बिनदुधाचा चहा दिला. तिचा नवरा शेळीचा कासरा वळत बसला होता, त्यानं मान वर केली नाही. आपण बाभळीच्या सावलीला बसलो होतो. तू बोलता बोलता वर बघितलंस. मीही बघितलं. बाभळीच्या फांद्यांत वाळकं गवत, चिंध्या, एक तुटकी टोपली अडकलेली होती, आपण उभं राहून हात केला असता तरी पोचला नसता इतकी उंच. मी विचारलं हे कुणी टांगलं. पारूबाई म्हणाली, कुनी न्हाई, मागं पानी आलं व्हतं त्याचं हाय.

येताना तू स्कूटी चालवली नाहीस. मला दिलीस आणि मागं बसून माझी ओढणी घट्ट धरून ठेवलीस.

वाकणातल्यांना कुटुंबांच्या टेबलात घालायला गावाचा क्रमांक लागतो, घराचा क्रमांक लागतो. दोन्ही नव्हते, सिस्टिम घेत नव्हती. जाधव साहेब वाईट माणूस नाहीत, त्यांनी वर दोन पत्रं लिहिली. तोवर तू ते नंबर वेगळे काढून ठेवलेस, आपण हातानं फोन करू म्हणालीस. आणि गच्चीवर पुढचं भांडण काढलंस. ज्याचं नाव दोन्ही टेबलांत नाही त्याचं काय?

मी म्हटलं, त्याला जगातला कुठलाच जॉइन आणत नसतो.

"मग ते आपलं काम न्हाई का?"

मी म्हटलं, ते क्वेरीचं काम नाही. तू म्हणालीस, मी क्वेरीचं विचारलंच न्हाई.  मग आपण डबे धुवायला गेलो.

या पावसाळ्यात आभाळ उघडलंच नाही काही दिवस. तू ऑफिसात खिडकीजवळची खुर्ची सोडून आतल्या बाजूला बसायला लागलीस. वस्तीतल्या नंबरांना तू रोज फोन करायचीस, आणि एकेक बंद लागायला लागला. वीज नव्हती, चार्ज कुठं करणार? त्या दिवशी सकाळी पाऊस थांबला, ऊन पडलं, लोक कपडे वाळत घालायला लागले. आणि दुपारपर्यंत धरणाचे दरवाजे उघडणार असा निरोप आला. आपली क्वेरी चालली. पडदा हिरवा झाला. दुसरी क्वेरी चालली, कोतवालांना फोन गेले, ते निघाले. वाकणातला एकही फोन लागला नाही. गावात फोन केला तर ग्रामपंचायतीतला माणूस म्हणाला, कुणीतरी पाठवतो.

तू हेल्मेट उचललंस. मी म्हटलं, अगं तो म्हणाला ना, जाईल कुणीतरी.

"कुनीतरी म्हंजी कोन, सुरे? नाव सांग."

 ऑफिसात फोनला कुणीतरी हवं होतं, साहेब बैठकीला गेले होते, म्हणून मी मागं राहिले. जिन्यावरून तू परत वर आलीस. मला वाटलं गॅस. पण तू माझ्या टेबलावरची पाण्याची बाटली घेतलीस आणि गेलीस.

पुढचं मला काल पारूबाईनं सांगितलं. मांडवाच्या मागं, चपलांपाशी बसून. तू पोचलीस तेव्हा ऊन होतं आणि नदी रोजच्यासारखी होती, त्यामुळं कुणी हलेना. पोरं खेळत होती. तू आरडाओरडा केला नाहीस. पारूबाईच्या नवऱ्याला हाताला धरून बाभळीखाली नेलंस आणि वर बोट दाखवलंस. त्यानं वर बघितलं. मग त्यानं शेळ्या सोडल्या. मग सगळेच उठले. लुळ्या पडलेल्या म्हाताऱ्याला बाजेसकट उचललं, भांडी गोधडीत बांधली, ओढा उतरून गावच्या शाळेकडं निघाले. तू ओढ्याच्या काठावर उभं राहून प्रत्येकाला एकच विचारत होतीस, कोन राहिलं? सगळे म्हणाले कुणी नाही. पारूबाई एवढंच म्हणाली की खालच्या अंगाला झुडपांत सांजच्याला धूर दिसतो, पन कोन हाय ठावं न्हाई.

तेव्हाच तुझा मला फोन आला. वारा होता, तुझा आवाज तुटत होता. मी विचारलं, झालं का, निघालीस का. तू म्हणालीस, "सगळे निघाले. अजून एक घर हाय सुरे. ते आपल्या कशातच न्हाई." मी म्हटलं, तू ये, शाले, तू आता ये. तू म्हणालीस, जेवून घे, माझी वाट बघू नको. मी आणखी काहीतरी बोलत होते, पण फोन कट झाला होता.

त्या घरात एक जोडपं होतं. घरच्यांना नको असलेलं लग्न करून पळून आलेलं. त्यांची नावं मी इथं लिहीत नाही. त्यांना कुठल्याच यादीत यायचं नव्हतं, शाले. हे तुला ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. आपण दोघी भांडत होतो ते, अशी माणसं याद्यांतून चुकून सुटलेली असतात असं धरून. ही मुद्दाम लपली होती. स्कूटीवरनं बाई आली, वस्तीतून लोक हलायलेत, हे झुडपांतून बघून त्यांना वाटलं आपल्यालाच शोधायलेत. ती आणखी आत सरकली. तू हाका मारत फिरलीस. काल तो मुलगा सांगत होता की बराच वेळ त्यांनी ओ दिली नाही. मग तू ओरडून म्हणालीस म्हणे, "तुमचं नाव सांगू नका. मला नगं तुमचं नाव. फकस्त वर चला." तेव्हा ती बाहेर आली.

तोवर पाणी नदीतून न येता ओढ्यातून आलं. नदी फुगली की ओढ्यात पाणी उलटं शिरतं, पाठीमागून. तू त्या दोघांना पुढं ढकललंस. गुडघाभर होतं, ती पार झाली. तू वस्तीकडच्या काठालाच राहिलीस. पारूबाईच्या नवऱ्यानं गावाकडच्या काठावरून कासरा फेकला. तू तो हातात धरलास, मनगटाला गुंडाळलास.

"बाई पान्याकडं निस्ती बघत व्हती," पारूबाई म्हणाली. "आमी वरडायलो, उतर, उतर. तिचा पाय उचलंना."

ती हे सांगताना माझ्याकडं बघत नव्हती. मांडवात कुणी हे बोललं नाही, आणि मला माहीत आहे की हेच खरं आहे. पुढं काठच खचला. कासरा तुटला. तू सापडलीस ती दुसऱ्या दिवशी, बरीच खाली.

मला तुझा राग येतो. तुला पोहता येत नव्हतं. तुला बारवेची पायरी उतरवत नव्हती. तू त्या ओढ्यापलीकडं कशाला गेलीस? आणि मग ते दोघं मांडवात सगळ्यांच्या मागं, तोंडाला रुमाल बांधून बसलेले आठवतात. ती मुलगी मला म्हणाली, बाईंचं नाव काय व्हतं? मी सांगितलं. तिनं ते दोनदा म्हणून बघितलं. त्यांनी तुला नाव सांगितलं नव्हतं, आणि तुझंही विचारलं नव्हतं.

एक गोष्ट मी तुझ्याखेरीज कुणाला सांगणार नाही. परवा साहेबांनी मला पुराचा अहवाल काढायला सांगितलं. काठावरची कुटुंबं एका टेबलात, पुरातले मृत्यू दुसऱ्यात. त्यांना ठरलेल्या नमुन्यात हवा होता आणि नमुन्यातली इनर जॉइनची क्वेरी तयारच होती. मी चालवली. "काठावरील कुटुंबांतील जीवितहानी" पुढं आलं, निरंक.

मी खुर्चीत मागं टेकून बसले. चूक काहीच नव्हती. तुझं नाव बोरीला, राहणं परभणीला. दुधनाकाठच्या कुठल्याच घरात तू नव्हतीस, म्हणून जुळली नाहीस, म्हणून आली नाहीस. साहेब माझ्या पाठीमागं उभे होते. त्यांनीही पाहिलं. ते दवाखान्यात सगळ्यांदेखत रडले होते, तुला कुणी सांगितलं का? ते हळू आवाजात म्हणाले, अहवाल काठावरच्या कुटुंबांचा आहे, ती तिथली नव्हती, नियमानं हे बरोबर आहे. मी गच्चीवर तुला जे सांगायचे तेच ते मला सांगत होते. प्रश्न काय आहे त्यावर जॉइन ठरतो.

मी म्हटलं, मग मी प्रश्न बदलते. या पुरात कोण गेलं? मृत्यूचं टेबल डावीकडं घेतलं, लेफ्ट जॉइन लावला. एक ओळ आली. तुझं नाव, आणि त्याच्या पुढं गाव कोरं, घर कोरं. साहेब म्हणाले, कोरा रकाना वर पाठवला तर विचारतील. मी म्हटलं, विचारू देत. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि सही केली.

आपलं भांडण तू जिंकलीस असं मी म्हणणार नाही. तू नसताना तसं म्हणणं सोपं आहे. मी अजूनही म्हणते, त्या घराला कुठलाच जॉइन आणत नव्हता. आणि ते घर होतं.

पाणी उतरलंय. आज दुपारी मी वाकणात जाऊन आले. सगळी माणसं परत तिथंच आलीत, दुसरीकडं जाणार कुठं? पारूबाई भिंती लिंपत होती. ते जोडपं मात्र कालच कुठं निघून गेलं, मी विचारलं नाही. जमीन अजून ओली आहे, पाऊल उमटलं की पाण्यानं भरतं. वरच्या धरणात पुन्हा पाणी चढायलंय असं सकाळी कळलं. आणि शाले, जिथं त्या दोघांचं घर होतं त्याच्याही खाली, अगदी पात्राला लागून, कुणीतरी नवे खांब रोवलेत. कुडाची तयारी चालू आहे. मी पारूबाईला विचारलं, कोण आहेत. तिनं मातीचे हात तसेच कपाळावर धरून तिकडं बघितलं आणि म्हणाली, तिला माहीत नाही.

मी तिकडं चालायला लागले.

तुझी,
सुरी